शाल-श्रीफळाऐवजी मूलपेशीदाता नोंदणी शिबिर : आखणीपासून पाठपुराव्यापर्यंत

एखाद्या डॉक्टरांच्या किंवा समाजसेवकाच्या स्मृतिदिनी आपल्याकडे सहसा रक्तदान शिबिर होतं. नाहीतर सभागृह, शाल, श्रीफळ आणि मानपत्र. दोन्ही चांगलंच आहे. पण ज्यांचं आयुष्य रक्ताच्या आजारांवरच्या उपचारांत किंवा गरीब रुग्णांच्या सेवेत गेलं, त्यांच्या सन्मानासाठी त्यांच्याच कामाला पुढे नेणारं आणखी एक काम आहे: रक्त-मूलपेशी, म्हणजे ब्लड स्टेम सेल, देण्यास तयार असलेल्या माणसांची नोंदणी. महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना, गणेश मंडळ, गृहनिर्माण संस्था, छोटा विश्वस्त निधी, कुणालाही हे शिबिर घेता येतं. मात्र ते रक्तदान शिबिरासारखं घेतलं, तर रुग्णाचं नुकसान होऊ शकतं. ते कसं टाळायचं, हाच या लेखाचा मुख्य भाग आहे.

आधी विषय समजून घ्या, कारण शिबिरात प्रश्न तुम्हालाच विचारले जातील

प्रौढ माणसाच्या हाडांतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, ज्या मूलपेशी असतात, त्यांच्यापासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स आयुष्यभर तयार होत राहतात. ल्युकेमिया, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया, सिकलसेल अशा आजारांत हा कारखानाच बिघडलेला असतो. तो औषधांनी रिकामा करून दुसऱ्याच्या निरोगी मूलपेशी शिरेतून दिल्या की त्या आपोआप मगजात जाऊन बसतात आणि काम सुरू करतात. अमेरिकेत डॉनल टॉमस यांनी १९५०च्या दशकात हे प्रयोग सुरू केले. सुरुवातीची अनेक वर्षं बहुतेक रुग्ण दगावले. तरी काम सोडलं नाही, आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भारतातलं पहिलं प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देण्यात आली होती.

भाऊ जुळला, हे त्या मुलीचं भाग्य. जुळणी रक्तगटावर नाही, एचएलए नावाच्या खुणांवर ठरते. त्यांचा अर्धा संच आईकडून आणि अर्धा वडिलांकडून येतो, म्हणून एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते आणि दोन भावंडं असतील तर त्यांपैकी कुणी एक तरी जुळण्याची सुमारे ४४ टक्के. आजकालच्या लहान कुटुंबांत अनेकांना जुळणारं भावंडच नसतं. आईवडिलांच्या अर्ध्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण होतं, पण बऱ्याच रुग्णांसाठी डॉक्टर आधी पूर्ण जुळणारा परका दाता शोधतात. अशा दात्यांची जगातली पहिली यादी १९७४ मध्ये लंडनमध्ये शर्ली नोलन या आईने आपल्या अँथनी या मुलासाठी सुरू केली. अँथनीला दाता मिळालाच नाही. १९७९ मध्ये तो गेला. आज जगभरच्या याद्यांत मिळून ४ कोटींहून अधिक दाते आहेत.

तरीही आपल्या माणसांना जुळणी कठीण जाते. एचएलएच्या खुणा वंशपरंपरेने येतात, त्यामुळे दाता बहुधा आपल्याच प्रदेशातल्या, आपल्याच समाजगटातल्या माणसांत सापडतो. अमेरिकेतल्या एनएमडीपी या नोंदणी संस्थेच्या आकड्यांनुसार तिथल्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता यादीत सापडण्याची शक्यता ७९ टक्के आहे, आशियाई वंशाच्या रुग्णाला मात्र ४७ टक्के. गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या सिकलसेलच्या मुलासाठी जर्मनीतल्या लाखो नावांचा फारसा उपयोग नाही. म्हणूनच शिबिर कुठे घेता यालाही महत्त्व आहे. ज्या समाजगटातून आजवर कमी नोंदणी झाली, तिथलं एकेक नाव मोलाचं.

दोन महिने आधी

प्रथम नोंदणी संस्थेशी बोला. भारतात दात्री आणि डीकेएमएस फाउंडेशन इंडिया या मोठ्या संस्था आहेत. नमुन्याच्या काड्या, बारकोड, अर्ज आणि प्रशिक्षित माणूस त्यांच्याकडून येतो. एचएलए तपासणीचा खर्चही संस्थाच उचलते आणि दात्याकडून पैसे घेत नाही. नुसत्या गर्दीसाठी शिबिर घेऊ नये, त्याचं पहिलं कारण हेच: अर्धवट मनाने दिलेल्या प्रत्येक नमुन्याच्या तपासणीवर देणगीचा पैसा खर्च होतो.

तारीख ठरवताना परीक्षांचा हंगाम आणि उत्सवाचा मुख्य दिवस टाळा. मंडपात ढोल वाजत असताना कुणी पंधरा मिनिटं शांतपणे ऐकून घेणार नाही. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जागतिक मज्जादाता दिन म्हणून पाळला जातो, आणि ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन आहे. स्मृतिदिन यांच्या जवळपास येत असेल तर सोयीचं होतं. पावसाळ्यात घेणार असाल तर खोली कोरडी हवी आणि पंखे चालू हवेत. कारण पुढे येईलच.

फलकावर 'मूलपेशी दान शिबिर' लिहू नका. 'मूलपेशीदाता नोंदणी शिबिर' असंच लिहा. 'दान' शब्द वाचून लोकांना वाटतं की आज येऊन काहीतरी देऊन मोकळं व्हायचं. खरं तर आज फक्त नाव आणि गालातल्या पेशी द्यायच्या आहेत. खरं देणं, आलं तर, पुढे कधीतरी येईल. अनेकांना आयुष्यात कधी बोलावणं येत नाही. आलंच तर त्या क्षणी जगात कदाचित तेच एक नाव त्या रुग्णाच्या हाताशी असतं.

फलकावर एखाद्या आजारी मुलाचा फोटो लावून 'याला वाचवा' असं आवाहन करण्याचा मोहही आवरा. त्या एका शिबिरातून त्याच मुलाला दाता मिळण्याची शक्यता अगदी नगण्य असते. भावनेच्या भरात नाव दिलेला माणूस दोन वर्षांनी अनोळखी रुग्णासाठी फोन आला की 'मी तर त्या बाळासाठी दिलं होतं' म्हणतो. ज्यांच्या स्मरणार्थ शिबिर आहे त्यांचा फोटो लावा, तोही घरच्यांची लेखी संमती घेऊन.

आणखी एक पथ्य. उपस्थितीचे गुण, एनएसएसचे तास, कंपनीतली सक्ती, भेटवस्तू, यांपैकी काहीही नोंदणीला जोडू नका. व्याख्यानाला बसल्याची हजेरी द्यायला हरकत नाही, पण काडी गालात घालायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. नाही म्हणणाऱ्याला मागच्या दाराने, कुणी न बघता जाता येईल अशी बैठक रचा.

शिबिराच्या दिवशी

पाच ठिकाणं एका ओळीत लावा: माहिती, आरोग्य-चौकशी, अर्ज व संमती, नमुना, अंतिम तपासणी. प्रत्येकाला एकूण वीस-पंचवीस मिनिटं लागतात. गर्दी तुंबते ती अर्जाच्या टेबलाशी, नमुन्याच्या नाही. त्यामुळे माणसं तिथे जास्त ठेवा.

माहितीचं सत्र वगळून कुणालाही पुढे सोडू नये. त्यात सर्वांत जास्त वेळ एका गैरसमजावर द्यावा लागेल, आणि तो आपल्या भाषेनेच वाढवला आहे. अस्थिमज्जा म्हणजे हाडातला मगज. मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी नसांची दोरी. दोन्हींत 'मज्जा' असल्याने लोकांना वाटतं की मणक्यात सुई घालणार आणि पाय लुळे पडणार. फलकावर शरीराची बाह्यरेषा काढून दाखवा: मज्जा काढायचीच झाली तर ती कमरेच्या मागच्या हाडातून काढतात, मणक्यातून नाही. आणि आज बहुतेक दात्यांकडून तीही काढत नाहीत, हातातल्या शिरेतूनच पेशी घेतात.

आरोग्य-चौकशीत वय १८ पूर्ण हवं. वरची मर्यादा संस्थेनुसार ५० किंवा ५५. तरुण दात्याच्या पेशींनी रुग्णाला जास्त फायदा होतो आणि त्याचं नाव यादीत जास्त वर्षं राहतं, म्हणून भर १८ ते ३५ वयोगटावर ठेवा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, कर्करोग, गंभीर हृदयविकार, इन्सुलिन घ्यावं लागणारा मधुमेह, अवयव-प्रत्यारोपण झालेलं असणं, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच शरीरावर हल्ला करण्याचे गंभीर आजार, खूप जास्त लठ्ठपणा, यांत नोंदणी होत नाही. आटोक्यातला थायरॉइड, चष्मा, कधीतरी झालेला डेंग्यू, यांची सहसा अडचण नसते. शंका आली तर संस्थेच्या माणसाला विचारा, स्वतः निवाडा करू नका.

अर्जात सर्वांत महत्त्वाचा रकाना फोन नंबरचा. दाता जुळला पण सापडला नाही, हे दुःख निव्वळ निष्काळजीपणाचं. नंबर लिहून झाला की तिथेच मिस्ड कॉल द्यायला लावा. वसतिगृहाच्या पत्त्यावर थांबू नका, गावचा कायमचा पत्ता घ्या, आणि घरातल्या दोन माणसांचे नंबर घ्या. ज्यांचे नंबर दिले त्यांना आजच संध्याकाळी सांगायला सांगा. बोलावणं येतं तेव्हा माघार अनेकदा दात्याची नसते. आई रडते, सासरचे नाही म्हणतात, लग्न ठरत असताना 'सुया टोचून घेतल्या' ही चर्चा नको असते. घरच्यांनी पहिल्यांदा ऐकायची वेळ ती नव्हे.

संमतीपत्र मराठीत मागवा आणि मोठ्याने वाचून दाखवा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: नाव जगभरच्या रुग्णांसाठी शोधात राहील, पैसे मिळणार नाहीत, आणि दाता कधीही माघार घेऊ शकतो.

नमुन्याची काडी ही कापसाच्या टोकाची असते. आधी अर्धा तास चहा, पान, गुटखा, धूम्रपान नको. खाल्लं असेल तर साध्या पाण्याने चूळ भरून थोडा वेळ थांबावं. काडी गालाच्या आतल्या बाजूला दाबून सुमारे एक मिनिट फिरवायची. जिभेवर किंवा दातांवर नाही, कारण लाळ नको आहे, गालाच्या अस्तराच्या पेशी हव्या आहेत. संस्थेने जितक्या काड्या दिल्या असतील तितक्या, प्रत्येक ठरवून दिलेल्या जागी. टोकाला बोट लागू द्यायचं नाही. मग काडी हवेत एक-दोन मिनिटं सुकू द्यायची आणि कागदी पाकिटातच घालायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओली काडी गेली की तिच्यावर बुरशी आणि जंतू वाढतात, डीएनए खराब होतो आणि तोच माणूस पुन्हा गाठावा लागतो. पावसाळ्यात पंखे हवेत ते यासाठी.

अंतिम टेबलावर एकच काम: अर्जावरचा बारकोड आणि पाकिटावरचा बारकोड एकच आहे का. इथे एक शांत, चिकाटीचा माणूस बसवा आणि त्याला दुसरं कोणतंही काम सांगू नका. दोन मित्रांची पाकिटं अदलाबदल झाली तर काही वर्षांनी चुकीच्या माणसाला बोलावणं जाईल. पडताळणीत ते उघडकीला येईल, पण तोवर रुग्णाचे आठवडे वाया गेलेले असतील.

शंभर जण ऐकायला बसले आणि चाळीसांनी विचार करून नाव दिलं, तर शिबिर उत्तम झालं. शंभरच्या शंभर नावं आली तर काहीतरी चुकलं असं समजा.

बोलावणं आलं तर काय होतं, हे सगळं आजच सांगा

यादीत जुळणी सापडली की संस्था फोन करते आणि पडताळणीसाठी रक्ताचे नमुने घेते. एचएलए-ए, बी, सी, डीआरबी१ आणि डीक्यूबी१ या पाच जागांच्या दोन-दोन खुणा, म्हणजे १० पैकी १०, जुळतात का हे पाहतात. संसर्गाच्या चाचण्याही होतात. निवड झाली की संपूर्ण तपासणी: रक्त, यकृत, मूत्रपिंड, ईसीजी, छातीचा एक्स-रे, सहसा पोटाची सोनोग्राफी, स्त्रियांची गर्भधारणा चाचणी. दात्याचा आणि सोबतच्या एका माणसाचा प्रवास व राहण्याचा खर्च सहसा संस्था पाहते.

नेहमीची पद्धत शिरेतून पेशी घेण्याची. आधी चार-पाच दिवस जी-सीएसएफ या औषधाचं इंजेक्शन त्वचेखाली, रोज किलोला सुमारे १० मायक्रोग्रॅम. ७० किलोच्या माणसाला रोज ७०० मायक्रोग्रॅम. त्यामुळे मगजातल्या मूलपेशी वाढून रक्तात उतरतात. कंबर, मांड्या, पाठ दुखते, डोकं दुखतं, ताप आल्यासारखं वाटतं. पॅरासिटामॉलने बहुतेकांना आराम पडतो. अॅस्पिरिन घ्यायची नाही, कारण रक्त गोठण्यात अडथळा येतो. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालचा अवयव, थोडी सुजते, म्हणून त्या दिवसांत व्यायामशाळा, कबड्डी, दुचाकीवरचे धक्के नकोत. प्लीहा फाटण्याचा धोका अगदी क्वचित असतो, पण असतो. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात जोराने दुखलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. हे लपवून नोंदणी वाढवू नका.

पाचव्या दिवशी दोन्ही हातांत सुया. एकीतून रक्त यंत्रात जातं, मूलपेशी वेगळ्या होतात, बाकीचं रक्त दुसरीतून परत. तीन ते पाच तास लागतात. रक्त यंत्रात गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात. ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून ओठ आणि बोटं झिणझिणतात. सांगितलं की कॅल्शियम देतात किंवा यंत्राचा वेग कमी करतात. न सांगता सोसायचं नाही. रुग्णाच्या दर किलोमागे किमान २० लाख, शक्यतो ४० ते ५० लाख सीडी३४ पेशी (मूलपेशी ओळखण्याची ही खूण) लागतात. ६० किलोच्या रुग्णाला ४० लाखांप्रमाणे २४ कोटी. संख्या कमी पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागतं. पिशवीत जमा होणारा द्रव मात्र सहसा दोनशे-तीनशे मिलिलिटरच असतो.

दुसरी पद्धत भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढण्याची. दात्याच्या किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिलिटर. कंबर काही दिवस दुखते, लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात, मज्जा काही आठवड्यांत भरून येते.

आता शिबिरात सर्वांत गंभीरपणे सांगायची गोष्ट. पेशी येण्याच्या साधारण आठवडाभर आधी रुग्णाला तीव्र केमोथेरपी, कधी किरणोपचार देऊन त्याचा मगज रिकामा करतात. त्यानंतर दात्याने 'नाही' म्हटलं तर रुग्णाकडे स्वतःचा मगज उरलेला नसतो. दात्याचा माघारीचा हक्क कायद्याने आणि नीतीने शेवटपर्यंत अबाधित आहे, आणि कुणी त्याला भरीस घालू नये. पण तो हक्क वापरायची योग्य वेळ केमो सुरू होण्याआधीची आहे, हे नाव देण्याआधीच त्याला ठाऊक असलं पाहिजे.

सत्कार कुणाचा, कसा

आपल्या गावातल्या दात्याने पेशी दिल्या हे कळलं की मंडळाला त्याचा सत्कार करावासा वाटतो. थांबा. दाता आणि रुग्ण एक ते दोन वर्षं एकमेकांना अनोळखी ठेवले जातात. कारण साधं आहे. रुग्ण दगावला तर दात्याला अपराधी वाटू नये, जगला तर पैशांची किंवा उपकाराची ओढाताण होऊ नये. दात्याने तारीख आणि रुग्णालयासह फोटो टाकला आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी त्याच तारखेचा, तर शोधणाऱ्याला दहा मिनिटं पुरतात. दात्याची इच्छा असेल तर नाव घेऊन गौरव करा, पण तारीख, रुग्णालय, रुग्णाचं वय किंवा आजार बोलू नका. रोख रक्कम किंवा सोन्याचं नाणं नको. दान आणि विक्री यांतली रेषा तिथेच पुसली जाते.

प्रायोजकाची निवडही जपून. नाळेचं रक्त खासगीत साठवून ठेवण्याची विक्री करणाऱ्यांना टेबल देऊ नका. स्वतःच्या बाळासाठी ते साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, मत आहे. 'स्टेम सेलने गुडघे, मधुमेह, ऑटिझम बरा' म्हणणाऱ्यांनाही नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्त-मूलपेशी प्रत्यारोपण काही ठरावीक आजारांत मान्य उपचार आहे. बाकी सगळं मान्यताप्राप्त चाचणीतच, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेणं अनैतिक. कुणी चाचणी चालू असल्याचं सांगितलं तर सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा आणि तो त्या संकेतस्थळावर स्वतः पाहा.

देणगी जमली तर

ती नोंदणी संस्थेला एचएलए तपासणीसाठी द्या, किंवा प्रत्यारोपण करणाऱ्या धर्मादाय रुग्णालयाच्या खात्यात. रुग्णाच्या हातात रोकड देऊ नका. शिवाय शिबिरात एक टेबल रुग्ण-कुटुंबांच्या माहितीसाठी ठेवा, ते फार उपयोगी पडतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खालच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवायची असते. थॅलेसेमिया आणि अप्लास्टिक अॅनिमियासाठी कोल इंडियाच्या मदतीने चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, ठरावीक रुग्णालयांत १० लाखांपर्यंत. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार आणि रुग्णालयाचं सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, या कागदांच्या तीन-तीन प्रती कुटुंबाने आधीच करून ठेवाव्यात. अर्ज दाखल झाल्यावर दाखला जुना निघाल्याने आठवडे जातात.

शिबिर संपल्यावर

भरलेले अर्ज आणि पाकिटं त्याच दिवशी संस्थेकडे सोपवा. आयोजकांनी अर्जांची छायाचित्रं किंवा याद्या ठेवू नयेत. त्यांत माणसांच्या आजारांची माहिती असते. तुमच्याकडे फक्त आकडा आणि दाता-क्रमांक कसा मिळेल याची सूचना असू द्या. तपासणी झाल्यावर संस्था दात्याला क्रमांक कळवते. तीन-चार महिन्यांत तो आला नाही तर विचारणा करायला सांगा.

दरवर्षी स्मृतिदिनाला सर्वांना उद्देशून एक निरोप पाठवा: नंबर बदलला का, पत्ता बदलला का, परदेशी गेलात का, गर्भवती आहात का, नवा आजार झाला का, तर संस्थेला कळवा. आणि त्याच निरोपात हेही लिहा की मन बदललं असेल, घरचे तयार नसतील, तर संस्थेला एक मेल करून नाव यादीतून काढून घ्या. त्यात लाज नाही. आज काढलेल्या नावामुळे कुणाचा मगज रिकामा होत नाही.